थैली घेऊन या

देवळीच्या आमच्या मेडिकलवाल्या भाऊंकडे नुसती चिठ्ठी दाखवून औषध मिळत नसे. चिठ्ठी वाचून ते चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "हे झालं. घरी अजून काय काय चालू हाय? थैली घेऊन या." घाईतली माणसं वैतागत. एकाने विचारलंच, "भाऊ, गोळ्या देऊन राह्यले का पोरगी?" भाऊ शांतपणे म्हणाले, "पोरगी देतानाही एवढंच विचारीन."

सत्तरीनंतर आईची थैली चांगलीच फुगली होती. मधुमेहाच्या, म्हणजे आईच्या भाषेत साखरेच्या, गोळ्या एका डॉक्टरांच्या, गुडघ्याच्या दुसऱ्यांच्या, शिवाय शेजारणीने प्रेमाने दिलेली एक पट्टी. मी हिशेबी माणूस. सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेला डबा मीच भरत असे आणि त्यातली एकही गोळी चुकत नसे. तरी आई मधूनच घामाघूम होऊन बसायची. एकदा ओट्याजवळ पडली, कपाळाला टाके पडले. पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडलं तर, ही धास्ती मला लागून राहिली.

शेवटी आईला आणि थैलीला घेऊन मी दुकान गाठलं. भाऊंनी थैली काउंटरवर उपडी केली. शेजारणीची पट्टी बाजूला सारली. "हे त्यांचं त्यांले वापस." मग मला सोडून त्यांनी आईलाच विचारलं, "काकू, पडल्या त्या दिवशी जेवल्या होत्या?"

"चतुर्थी होती नं बाप्पा. चंद्र दिसल्यावरच जेवण."

"अन् साखरेची गोळी?"

"ते काऊन सोडीन? डॉक्टरनं सांगतलं, खंड नको."

"म्हणजे देवाचंही ऐकलं अन् डॉक्टरचंही. पण दोघांले एकमेकांचं सांगतलंच नाई."

आई हसली. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने तिची साखर उतरत होती, हे मला तेव्हा कळलं. भाऊंनी मात्र स्वतःच्या मनाने काहीही बदललं नाही. तिथूनच साखरेच्या डॉक्टरांना फोन लावला. उपवासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं. त्यानंतर आई पडली नाही.

गेल्या वर्षी भाऊ दुकान विकून लेकीकडे नागपूरला गेले. निघण्याआधी घरी चहाला आले. आई म्हणाली, "आता मले विचारीन कोण?"

"कोणी नाई विचारलं तर तुम्हीच सांगत जा, काकू."

परवा डॉक्टरांनी आईला नवी गोळी लिहून दिली. नव्या दुकानात मी चिठ्ठीसोबत थैलीही काउंटरवर ठेवली. दुकानदाराने विचारलं, "वापस करायच्या हायेत का?"

"नाही," मी म्हटलं. "नवी गोळी यांच्यासोबत चालते का, तेवढं पाहा. आणि आई चतुर्थी धरते."