सीनियरची सीट

मंडळी, आज सकाळी अप्पांना घेऊन लोणंदहून साताऱ्याला निघाले. अप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतले रिटायर हवालदार. गुडघे गेलेत, पण कुणी सीनियर सिटिझन म्हटलेलं खपत नाही.

एसटीत ज्येष्ठांची एकच सीट रिकामी होती. शेजारी एक गृहस्थ उभे होते. त्यांना बघताच अप्पा ताठ झाले. त्यांच्याच पलटणीतले सुभेदार साहेब निघाले, वयानं चार-पाच वर्षांनी लहान.

"साहेब, बसा. तुमी सीनियर."

"आवं दादा, ते पलटणीत. हितं तुमीच सीनियर."

वाठार आलं तरी दोघंही उभेच. अप्पांचे पाय थरथरायला लागले. मी दोनदा सांगून बघितलं, त्यांनी ऐकलं नाही.

मग साहेबांनी आवाज चढवला. "हवालदार, बसा. ऑर्डर हाय."

"जी साब," म्हणत अप्पा लगेच बसले.

साताऱ्यापर्यंत साहेब उभेच होते. प्रत्येक वळणाला त्यांचा हात अप्पांच्या खांद्यावर यायचा.

मी अप्पांना रोज त्यांचं वय सांगून बसवायला बघते. तुम्ही तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'बसा' कसं म्हणता?