आईचं आधीचं नाव

त्या वर्षी आई पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला, तोआ पायोहच्या फ्लॅटवर राहायला आली होती. माझ्या मुलीचा शाळेतला प्रोजेक्ट अमेरिकेतल्या वाम्पानोआग या आदिवासी लोकांच्या एका पुढाऱ्यावर होता. ती इंग्रजीत सांगायची आणि मी आजीसाठी मराठी करायचो. बिनपगारी दुभाषा.

गोष्ट अशी की इंग्रजांनी या माणसाला आपल्यातलं एक नाव दिलं, वर राजाही म्हटलं. पुढे तो त्यांच्याशीच लढला आणि मारला गेला. इतिहासात त्या युद्धाला चिकटलं ते इंग्रजी नाव. त्याच्या भाषेतलं नाव तिकडे आता काही रस्त्यांना आहे, एका डोंगररांगेला आहे.

आई मटार सोलत होती. म्हणाली, "डोंगराला तरी राहिलं म्हणायचं. माझं तर तेवढंही नाही."

आता गाडी माझ्यावर घसरणार, असं मला वाटलं. पण ती नातीलाच सांगत राहिली. लग्नात ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं.

"देन व्हॉट वॉज द ओल्ड वन, आजी?"

आईने सांगितलं आणि चक्क लाजली. मला ते नाव ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"सो नाइस, लाह!" मुलीचं सिंगापुरी इंग्रजी. " मी त्याच नावाने हाक मारू?"

"इश्श! आजी ना मी तुझी? आणि तुझ्या बाबाचा मामा मला ताई म्हणतो. त्या नावाने हाक मारणारी माणसं गेली गं सगळी."

पुन्हा मटार सोलायला लागली. मला फार वाईट वाटलं, पण मुलगा आईला नावाने हाक मारणार तरी कशी?

रविवारी बुओना व्हिस्टाला एका कॅफेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने कपावर लिहायला नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून आईने ते नाव सांगितलं, चांगलं खणखणीत. नातीने स्पेलिंग पुरवलं.

आम्ही बसलो. थोड्या वेळाने हाक आली. उच्चार जरा वाकडा होता, पण नाव तेच होतं. आई जागची हलली नाही.

"आई, तुलाच बोलावतायत."

"ऐकू आलंय मला," ती म्हणाली. "मारू दे की अजून एकदा."