कानाला लावलेला पेचकस

१९९१च्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, शहागडच्या अलीकडे सहा किलोमीटरवर वकीलसाहेबांच्या लाल गाडीचं इंजिन बसलं. गाडी विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसांची. वकिलांच्या वडिलांनी हैदराबादेत घेतलेली. चारपैकी तिसऱ्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. आदल्या संध्याकाळी मी त्याच गाडीत बसलो होतो.

ते इंजिन मिस्तरींनी बांधलं होतं. जालन्यात अंबड रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज. तिथे गेलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे: पेचकसाचं टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानाला, डोळे मिटलेले आणि मोकळा हात वर. म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं.

"थांबा पेपरवाले, ती बोलून राह्यली."

मी तेव्हा एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. कार्यालयाची जीप दुरुस्तीला मिस्तरींकडेच यायची. एकदा जीप चढाला घातल्यावर त्यांनी मला आवाज ओळखायला शिकवला. "डब्यात खडे हलवल्यावानी वाजलं का समजायचं, टायमिंग पुढं गेलं, ठिनगी लवकर पडून राह्यली. जल्दी मागं घ्यायचं. न्हाई तर पिस्टन गेलाच."

लाल गाडीचं काम निघालं ते एका अपमानातून.

"मिस्तरी, काल अंबडजवळ मला मारुतीनं मागे टाकलं. मारुतीनं! बाररूममध्ये सगळे दात काढतात."

"मंग साहेब, म्हातारीला पळवायचं म्हन्ता?"

"पळवाच."

दोन महिने काम चाललं. दाब वाढावा म्हणून मिस्तरींनी इंजिनाचं हेड लेथवाल्याकडून घासून आणलं. एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले, धुराची नळी मोठी केली. वकीलसाहेबांनी मुंबईहून टायमिंग पाहायचा दिवा आणून दिला. मिस्तरींनी तो खोक्यासकट फळीवर ठेवला. "दिव्याला काय ऐकू येतं?"

त्याच दोन महिन्यांत आम्हा गिऱ्हाइकांच्या एक गोष्ट लक्षात आली. "जरा जोरात बोला, इंजन चालू हाये," असं मिस्तरी म्हणायचे. इंजिन बंद असायचं. पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

त्यांच्या पत्नी चहा आणायच्या. पूर्वी त्या दारातून हाक मारत. आता जवळ येऊन कोपराला हात लावत. एकदा परत जाताना माझ्यापाशी थांबल्या.

"भाऊ, त्याह्यला काही बोलू नका. दुसरं काय येतं त्याह्यला?"

मी मान हलवली.

शनिवारी संध्याकाळी गाडीची चाचणी झाली. आधी वकीलसाहेब बसले. परत आले ते खूश होऊन. "आवाज तर बघा काय जोरदार झालाय!" मग मी बसलो. मिस्तरी चालवत होते. सपाट रस्त्यावर गाडी खरोखरच पळाली. चढ लागला आणि बॉनेटखाली डब्यात खडे हलू लागले. मिस्तरींनी पाय आणखी दाबला.

"कशी बोलून राह्यली?" त्यांनी ओरडून विचारलं.

"छान," मी ओरडून सांगितलं.

ते हसले. गॅरेजवर उतरलो तेव्हा तिथे थांबलेल्या दोघा गिऱ्हाइकांनीही, न विचारता, "एक नंबर" म्हटलं. गॅरेजजवळच्या चढावर त्यांनीही तो आवाज ऐकला होता.

रविवारी दुपारी एका ट्रॅक्टरने गाडी ओढून आणली. सोमवारी मिस्तरींनी इंजिन खोललं. पिस्टन बाहेर काढून त्यांनी भोकात अंगठा घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमाला ऐकू आल्तं?"

मी मान हलवली.

"शनिवारी?"

"हो."

"खडे?"

"हो."

"मी शिकवल्तं ना तुमाला. मंग बोलले का न्हाई?"

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. मिस्तरींनी पिस्टन फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला.

वकीलसाहेब संध्याकाळी आले आणि कानाजवळ वाकून म्हणाले, "होती तशीच करा, मिस्तरी."

महिनाभरात इंजिन पुन्हा बांधून झालं. जुनं मोजमाप, एकच कार्बोरेटर. टायमिंग लावायच्या दिवशी त्यांनी फळीवरचं खोकं उतरवलं. दिवा मी धरला. पुलीवरची खूण बरोबर जागेवर आल्यावर त्यांनी बोल्ट आवळला. पेचकस भिंतीला टांगलेला होता. तो त्यांनी काढला नाही. त्यानंतर ते फक्त पंक्चर काढत आणि तेल बदलत. १९९४च्या पावसाळ्याआधी गॅरेज बंद झालं.

त्या जूनमध्ये जालना बसस्थानकावर ते मला शेवटचे दिसले. नवरा-बायको परतूरला, त्यांच्या गावी, चालले होते. सामान दोन पेट्या आणि एक गाठोडं. परतूरची एसटी चालू होऊन उभी होती. मिस्तरी बससमोर गेले आणि पुढच्या जाळीवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे राहिले. दुसरा हात वर होता.

चालकाने हॉर्न दिला. ते हलले नाहीत. पुन्हा दिला. मग जागेवर जाऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी खाली उतरल्या, त्यांच्या कोपराला हात लावून त्यांना बसमध्ये घेऊन गेल्या.

बस चार वाजून वीस मिनिटांनी सुटली.