दुसऱ्या खाडीचा मासा

अहो, तोंडावर पडायचंच तर माणूस चारचौघांत पडतो. मी खचाखच भरलेल्या सभागृहात पडलो, तेही माइकसमोर! ऐका आता, चहा गार झाला तरी चालेल.

ऐंशीनंतरची गोष्ट. कोल्हापुरात एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. माझा मित्र बापट अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून परतला आणि त्यानं तिथल्या माशांच्या मांसाचे तुकडे बोटभर बाटल्यांतून मला पाठवले. जात एकच, पण खाड्या दोन. इकडचे मासे तिकडच्यांशी सोयरीक करतात, की दोन्ही घराणी वेगळी, हे मी त्यांच्या प्रथिनांवरून ताडायचं होतं.

पण बाटल्या ठेवायच्या कुठं? कॉलेजचा फ्रीज वीज गेली की नळासारखा वाहायचा! शेवटी मासळी बाजारात रज्जाकभाईंच्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. रोज जाऊन बजावायचो, "भाई, काही झालं तरी खराब होता कामा नये!"

"काळजी करू नगा सर. माझी जबाबदारी हाय की!"

यथावकाश मांसाचा रस स्टार्चच्या थरावर ठेवून त्यातून वीज सोडली, प्रथिनांचे पट्टे उमटले आणि मी खुर्चीतून उडालोच. पहिल्या खाडीचे पट्टे एकीकडे, दुसरीचे भलतीकडेच! बापटला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "पुन्हा एकदा तपास." मला वाटलं, जळतोय लेकाचा!

शहाण्यानं पुन्हा तपासलं असतं. मी काय केलं? व्याख्यान ठेवलं!

पहिल्या रांगेत प्राचार्य, शेजारी बापट. मी टेबलावर मूठ आपटून गरजलो, "ही दोन घराणी हजारो वर्षांपूर्वी वेगळी झाली!" टाळ्या! त्या भरात म्हणालो, "याचं श्रेय रज्जाकभाईंनाही आहे. या भाई, दोन शब्द बोला."

हा मोठेपणा मला सांगितला होता कुणी?

भाई आले. टोपी नीट केली. "सरांनी लई मान दिला. पर एक बोलू का? हजारो वर्सं न्हाई झाली. मंगळवारी झालं."

"काय झालं मंगळवारी?"

"बर्फाची गाडी आली न्हाई की! दुसऱ्या खाडीच्या सगळ्या बाटल्यांस्नी वास सुटला. तुमी तर रोज म्हणायचा, खराब होता कामा नये. मग खराब टाकलं आन् ताजं कापून भरलं."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं की! 'ताजं आहे ना? मग झालं,' असं म्हणून तुमी स्कूटरला किक मारली."

सभागृह हसून लोळायला लागलं. बापटनं डोकं गच्च धरलं. बरोबरच आहे! तो मासा पुन्हा आणायचा, तर बिचाऱ्याला परत बर्फात जायला हवं होतं.

प्राचार्यांनी डोळे पुसत विचारलं, "भाई, पण भरलात कुठला मासा?"

"बांगडा की! रत्नागिरीचा, एक नंबर."

प्राचार्य सावकाश माझ्याकडे वळले. "सर, तुमची पीएच.डी. कशावर हो?"

खोटं बोलायची सोय नव्हती. प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून सही त्यांचीच होती.

"बांगड्यावर," मी म्हणालो.