हरकतीची वही

डोंबिवलीतल्या आमच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात एक कागद लावला होता. ठाण्याचे एक डॉक्टर तापात आकडी येणाऱ्या मुलांचा अभ्यास करणार होते आणि त्यासाठी त्यांना इथले जुने केसपेपर हवे होते. ज्या आईवडिलांची हरकत असेल त्यांनी महिनाअखेरपर्यंत वहीत मुलाचं नाव लिहावं. न लिहिल्यास संमती धरली जाईल.

वही कंपाउंडरच्या खिडकीशी दोरीने बांधलेली, उघडी.

आमच्या मुलीला तीनदा आकडी आली होती. ही गोष्ट आम्ही घराबाहेर जाऊ दिली नव्हती. पुढे तिच्या लग्नात कोणी ती उकरून काढेल, ही बायकोची धास्ती.

"नाव लिहून या," ती म्हणाली.

"लिहिलं की शेजारच्या काकू वाचणार."

"मग नका लिहू."

"मग केसपेपर जाणार."

"अहो, मग करायचं काय? तुम्ही नुसत्या अडचणी काढा!"

मी बाईंना भेटलो. वहीचं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग नमुन्यादाखल भरलेला तक्ता दाखवला, तो अजून कुठे पाठवला नव्हता. नावं नाहीत, पत्ते नाहीत. वय, वजन, ताप, आकडी किती मिनिटं. बाराव्या ओळीवर माझं बोट थांबलं. साडेअकरा किलो, एकशे तीन पॉइंट चार. थर्मामीटर मीच धरला होता.

पण वरच्या अकरा ओळी? आणि खालच्या? ठाकुर्लीपासून इथवर इतक्या घरांत कोणीतरी मूल कुशीवर धरून घड्याळाकडे बघत बसलं होतं, आणि प्रत्येकाने दार लावून घेतलं होतं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही एकमेकांना "सर्दी का?" एवढंच विचारत होतो.

घरी बायको म्हणाली, "तुम्हाला ओळखू आली. आणखी कोणाला येईल?"

"तिचं वजन ज्याला पाठ आहे त्याला."

"म्हणजे तुम्हालाच." मग तिने विचारलं, "खरंच इतकी मुलं?"

दोन दिवसांनी वहीच्या जागी चिठ्ठ्यांची बंद पेटी आली. हरकत नसणाऱ्यांनी काही लिहायचं नव्हतं. पण गप्प राहणं म्हणजे होकार, हे मला पटेना. आमची हरकत नाही, असं लिहून मी सही केली. बायकोनेही केली, आणि खाली आपल्या मनाने एक ओळ घातली: आणखी काही विचारायचं असल्यास घरी या, दुपारी मी असते.