सोडतीच्या पैशातला चहा

आमच्या बौद्धवाडीची सोडत मे महिन्यात निघते. तिकिटं खपतात मुंबईत, बक्षिसंही बहुतेक मुंबईकरांनाच लागतात. वाडीत उरलंय कोण? आम्ही म्हातारे आणि दारांची कुलपं. जमलेल्या पैशाचे दोन वाटे होतात, एक बक्षिसांना आणि एक वाडीच्या कामाला. पहिल्यावर कोणी वाद घालत नाही. दुसऱ्यावर मात्र विहारात दुपारभर भांडण.

गेल्या वर्षी त्या सभेत मी उभी राहिले. शिक्षिका निवृत्त झाली तरी तोंड निवृत्त होत नाही. नवरा गेल्यापासून घरात मी एकटी, मुलगा डोंबिवलीला. म्हटलं, "विहाराशेजारची खोली रिकामी पडलीय. तिथे रोज संध्याकाळी चहाची सोय करा. आम्ही म्हातारे येऊन बसू."

अध्यक्ष माझाच विद्यार्थी. पाढे कधी पाठ झाले नाहीत, आता वाडीचा हिशेब त्याच्याकडे! तो म्हणाला, "बाई, चहा काय घरी मिळत नाही?"

"मिळतो रे. समोर बसून पिणारं कोणी मिळत नाही."

सगळे हसले. मी काय विनोद केला होता, मला अजून कळलेलं नाही. मग हात वर झाले आणि पैसे गेले कमानीला. वाडीचं नाव रस्त्यावर मोठ्या अक्षरांत दिसावं, असं मलाही वाटतं. पण त्या कमानीखालून रोज जाणार कोण? दूधवाला आणि मी.

संध्याकाळी सोडत निघाली. पहिलं बक्षीस टीव्ही, आणि नंबर माझा. अध्यक्ष माईकवरून म्हणाला, "घ्या बाई, आता सोबत झाली तुम्हाला!" टाळ्या पडल्या. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, बाई आनंदाने रडतायत.

सोडतीला आलेला मुलगा परत निघाला तेव्हा त्याला सांगितलं, "हा टीव्ही खांद्यावर घे आणि त्या खोलीत लावून दे." चहापावडर, साखर मी पालीच्या बाजारातून पेन्शनच्या पैशाने आणली.

आणि आले हो सगळे! शेजारची काकी गुडघे धरत आली, तिच्यामागून बाकीचे. मी हौसेने कप भरले. पण सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. मालिकेतली सून रडत होती आणि काकी तिच्यासाठी हळहळत होती.

मी विचारलं, "काकी, पोरीचा फोन आला का गो?"

"गप गो बाय, बघू दे."

मालिका संपली की कप खाली ठेवून जो तो घरी. रोज हेच. माणसांनी भरलेल्या खोलीत मला घरातल्यापेक्षा जास्त एकटं वाटायला लागलं.

पावसात एकदा लाईट गेली. बाहेर पायाखाली काय येईल या भीतीने कोणी उठेना. मग अंधारातून काकीचा आवाज आला, "पोरीचा फोन नाय आला गो. पाऊस लागल्यापासून नाय."

कोणीतरी तिच्याजवळ सरकलं. मग दुसरं कोणी बोललं, मग तिसरं. मीही बोलले. नवऱ्याचं शेवटचं दुखणं, मुलालाही न सांगितलेलं, सगळं सांगितलं. कोणी मध्ये बोललं नाही. काकीने चाचपडत माझा हात धरला.

तेवढ्यात लाईट आली. काकीने हात सोडला आणि सगळ्यांची तोंडं पुन्हा भिंतीकडे वळली.

अजून रोज संध्याकाळी मी चहा टाकते, कप भरते, आणि त्यांच्यात बसून मनातल्या मनात म्हणत राहते, लाईट जाऊ दे.