आतोबांच्या गाण्याला उत्तर

भंडाऱ्याच्या बाजारात टमाट्यापेक्षा टमाट्याच्या खोक्याला जास्त मान देणारा माणूस एकच, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. आतोबा पेरू देशाचे. आत्या परदेशात नर्स होती; निवृत्त झाली तेव्हा हा उंच, काळा, गिटारवाला माणूस घेऊन भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारध्याला परतली. भाजी घ्यायला गेले की आतोबा आधी लाकडी खोकं उलटं करून बोटांनी ठोकणार, कान लावणार. "अजी जावई, टमाटे पाहा ना, खोके कायले ठोकून राहिले?" भाजीवाली विचारायची. "टमाटे तं सडतात, बाई," आतोबा म्हणायचे. ही बोली त्यांनी आत्याकडून उचललेली, शिव्यांसकट.

खोक्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजांत कोंबून गुलाम म्हणून नेलं, त्यांचे ढोल हिसकावले; मग त्यांनी मालाची खोकीच वाजवली. मी पडले मोर्चेवाली; हे कळल्यावर रागारागाने निषेधाचं पत्रक लिहायला बसले. आतोबा म्हणाले, "पत्रक कायले? नाचाचं गाणं आहे ते." घरी पाहुणा आला की खुर्ची नाही, खोकं, आणि चहाआधी ठेका. माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेले गृहस्थ खोक्यावर बसून ठेका शिकून गेले, स्थळाचं बोलायचंच राहिलं. माणूस मला आवडतो तो उगाच नाही.

त्यांच्या या गाण्याचा नेम कडक. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आपल्या दंडारीच्या खेळात मागून सूर धरणाऱ्या झीलकऱ्यासारखं. दोन्ही एकट्याने म्हणायचं नाही. उत्तर येईपर्यंत गाणं तिथेच उभं. आत्या उत्तर द्यायची, पोळ्या लाटता लाटताही. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून आतोबा ओळ म्हणतात, थांबतात आणि गिटार भिंतीला टेकवतात. आईकडून घेतलेलं, समुद्रापलीकडून आणलेलं गाणं पहिल्या ओळीपुढे सरकेना.

गावातल्या मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांना "काही हिंदी" हवं होतं. मी भांडले. आतोबांनी आपलंच गाणं धरलं आणि उत्तराच्या जागी थांबले. माइक बंद पडला समजून माइकवाला धावत आला, "हॅलो, चेक" करून गेला. लोक हसले. माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी फोनमधला आत्याचा आवाज लावला. आतोबांनी फोन पालथा ठेवला. "हा उत्तर नाही देत, पोरी. मी काही म्हटलं तरी हा तेच म्हणते."

मग मीच उत्तर द्यायला बसले. माझा गळा मोर्च्यातला. त्यांची ओळ अर्ध्यावर असतानाच माझी घोषणा तयार. "हे निवेदन आहे का? माझी ओळ संपू दे ना. तुझी आत्या अगोदर ऐके, मंग बोले." आमच्या मोर्च्यात थांबणाऱ्याच्या हातातला माइक जातो, हे त्यांना कसं सांगू? कित्येक रविवार असेच गेले.

परवा मी थांबले. ओळ पुरती विझू दिली, मग उत्तर दिलं. आतोबांचा हात तारांवरच राहिला. ते उठून मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू होता. परत आले ते तोंड पुसत. त्यांनी गिटार मांडीवर घेतली.

"इथपर्यंत तुझ्या आत्याचं होतं," ते म्हणाले. "पुढचं कडवं तिले शिकवाचं राहून गेलं. माझ्या मायचं आहे. सरक जवळ."